‘खेळ म्हटला की लागणारच’ या समजाची झडती

नांदेडहून वारंगा फाट्याकडे निघाले की अर्धापूरच्या पुढे केळीच्या बागा रस्त्याची सोबत करतात आणि थोड्या वेळाने डोंगरकडा हे गाव लागते. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले हे गाव महामार्गाच्या कडेला आहे. केळी, हळद आणि ऊस ही या पट्ट्यातली पिके. अशा गावातली पोरे काय खेळतात, असे विचारले तर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, टेनिस बॉलचे क्रिकेट अशी उत्तरे येतात. सगळ्यात मोठा खेळ मात्र या यादीत नसतो, तो म्हणजे भरतीची तयारी. मराठवाड्यातल्या कोणत्याही मोठ्या गावाबाहेर पहाटे पाच वाजता उभे राहावे. पोलीस, सैन्यदल नाहीतर निमलष्करी दलाच्या भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांची कुठली संघटना नाही, त्यांच्या नावाने स्पर्धा होत नाहीत आणि कोणत्याही क्रीडा कार्यालयाच्या दप्तरी त्यांची खेळाडू म्हणून नोंद नाही.

या मुलांना किंवा शाळेच्या संघातल्या मुलांना इजा झाली की गाव एका वाक्यात विषय मिटवते: ‘खेळ म्हटला की लागणारच.’ ऐकायला हे वाक्य अनुभवी वाटते, पण ते उथळ आहे. खरचटणे, मुका मार, एखादा मुरगळलेला पाय ही खेळाची किंमत असू शकते. आयुष्य बदलून टाकणाऱ्या किंवा जीव घेणाऱ्या इजा बहुतेक वेळा चार गोष्टींमधून येतात: खेळण्याची जागा, वेळ, शरीरावरचा भार आणि इजा झाल्यावरचा पहिला तास. या चारही गोष्टी कोणीतरी ठरवायच्या असतात. त्या कोणी ठरवत नाही तेव्हा पोर जखमी होते आणि दोष खेळाला दिला जातो. म्हणूनच इजा टाळणे हा दवाखान्याचा प्रश्न होण्याआधी शाळा, ग्रामपंचायत आणि सरकार यांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

1. जागा: सरावाला महामार्ग

19 जानेवारी 2025 रोजी सकाळी बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या तरुणांना एसटी बसने चिरडले. तिघे गेले. त्याच वर्षी 7 ऑगस्टला गडचिरोली-आरमोरी रस्त्यावर काटली गावाजवळ पहाटे व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने उडवले. चौघांचा जीव गेला. दोन्ही घटना रस्ते अपघातांच्या खात्यात जमा झाल्या. खेळातली इजा म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. पण ती मुले तिथे व्यायामासाठी आणि सरावासाठीच होती. रस्त्यावर होती, कारण सपाट, कोरडे आणि मोजलेले अंतर गावात दुसरीकडे सहसा मिळत नाही. किलोमीटरचा दगड पाहून वेळ लावता येते, एवढीच त्या रस्त्याची सोय.

डोंगरकड्याच्या पट्ट्यात या धोक्यात आणखी भर पडते. ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात आणि त्यातल्या कितीकांना मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसतो. हिवाळ्यातल्या पहाटे धुके असते. रस्ता सोडून शेताच्या कडेने धावावे तर काळी माती आडवी येते. पावसाळ्यात ती घोट्यापर्यंत चिखल होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगेत टाच अडकली की घोटा मुरगळतो नाहीतर गुडघा पिळवटतो. यावरचा उपाय इथल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. मुरूम पसरणे, पाणी मारणे, रोलर फिरवणे ही कामे प्रत्येक गावात होतात. ती धावण्याच्या पट्टीसाठी होत नाहीत, इतकेच.

शाळेचे मैदानही आपोआप सुरक्षित होत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात शाळेत सराव चालू असताना सहविद्यार्थ्याने फेकलेला भाला डोक्यात लागून 15 वर्षांचा मुलगा दगावला. ऑक्टोबर 2019 मध्ये केरळातल्या पाला इथे राज्य पातळीवरच्या कनिष्ठ मैदानी स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून उभ्या असलेल्या शाळकरी मुलाला हातोडा लागला आणि पुढे त्याचा मृत्यू झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये हरियाणातल्या रोहतक जिल्ह्यात बास्केटबॉलचा खांब अंगावर कोसळून 16 वर्षांचा राष्ट्रीय खेळाडू गेला. भालाफेक, हातोडाफेक किंवा बास्केटबॉल धोकादायक आहेत, असे यातून सिद्ध होत नाही. फेकीचा पट्टा दोरी बांधून रिकामा ठेवणे, एका वेळी एकच फेक होऊ देणे, सगळे फेकून झाल्यावरच भाले आणायला जाणे, खांबाचा पाया दरवर्षी तपासणे ही कामे कोणाच्या तरी नावावर असावी लागतात, एवढेच सिद्ध होते. दोरीला फारसा खर्च येत नाही.

2. वेळ: ऊन ठरवते, घड्याळ नाही

जून 2014 मध्ये मुंबई पोलीस भरतीत पाच किलोमीटरची धाव होती. उन्हात धावताना काही उमेदवार कोसळले आणि त्यांचे मृत्यू झाले. त्यानंतर धावण्याच्या वेळा आणि अंतर यांचा फेरविचार झाला. आज पोलीस शिपाई भरतीत पुरुषांसाठी 1600 मीटर आणि महिलांसाठी 800 मीटर धाव असते. झारखंडाने हाच धडा दहा वर्षांनी, 2024 साली पुन्हा घेतला. तिथे उत्पादन शुल्क खात्याच्या शिपाई भरतीत दहा किलोमीटरच्या धावेत दहाहून अधिक उमेदवार दगावले. तेव्हा कुठे भरती थांबवून सकाळी नऊनंतर धाव घेऊ नये, असे ठरले.

उष्माघात हा कमकुवत मुलांचा आजार आहे, हा समज इथे मारक ठरतो. जिद्दीने धावणारा मुलगाच शरीराची सूचना दाबून टाकतो. घाम येऊन शरीर थंड होण्याची यंत्रणा उन्हाला सरावायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. पुण्याच्या अकॅडमीतून किंवा थंडीतल्या सरावातून थेट एप्रिलच्या मराठवाड्यात येऊन पूर्ण वेगाने धावणाऱ्याकडे ते दिवस नसतात. त्यात आदल्या रात्रीचा प्रवास, बसस्थानकावरची झोप, रिकामे पोट आणि ‘पाणी पिले की दम लागतो’ हा जुना सल्ला. यातली एकही गोष्ट धावण्याच्या खेळात मुळातून नाही.

3. भार: वहीत न लिहिलेले कष्ट

वाढीच्या वयात हाडे आधी लांबतात, स्नायू आणि स्नायूबंध मागून येतात. हाडांच्या टोकांना असलेल्या वाढीच्या चकत्या त्या काळात कूर्चेच्या, म्हणजे मऊ असतात. म्हणून बारा-चौदाच्या मुलाला गुडघ्याच्या वाटीखाली दुखते, टाचेला दुखते, आणि मोठी माणसे ‘वाढीचं दुखणं आहे’ म्हणून सोडून देतात. नडगीच्या आतल्या कडेला बोटभर जागेत दुखणे आणि धावताना ते वाढत जाणे ही हाडाला बारीक चीर गेल्याची खूण असू शकते. तिला विश्रांती मिळाली तर बहुतेक वेळा ती काही आठवड्यांत भरते. तसेच धावत राहिले तर हाड पूर्ण मोडू शकते.

भार मोजताना गावातल्या मुलाचा अर्धा दिवस हिशेबातून गळतो. अकॅडमीचे सर सकाळचे किलोमीटर मोजतात. त्यानंतर त्याने केळीचे घड डोक्यावरून गाडीपर्यंत नेले, हळदीच्या काढणीत दिवसभर वाकून काम केले, रात्री मोटर चालू करायला शेतात गेला, हे कुठल्याच वहीत येत नाही. शहरातल्या खेळाडूचा विश्रांतीचा वेळ इथे कामाचा वेळ असतो. अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंच्या एका अभ्यासात आठवड्याला स्वतःच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास संघटित खेळ खेळणाऱ्या मुलांमध्ये गंभीर अतिश्रमाच्या इजा अधिक आढळल्या. हा ठोकताळा मराठवाड्यात लावायचा तर शेतातले तासही त्यात धरावे लागतील.

दुखणे लपवण्यालाही बक्षीस आहे. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. वरच्या पायरीवर पोहोचले की दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ही उत्तेजने योग्यच आहेत. पण सुजलेल्या गुडघ्याचा मुलगा विभागीय सामन्याआधी ‘दुखत नाही’ का म्हणतो, हेही त्यातूनच कळते. भरतीचे गणित तर याहून कडक आहे. अग्निवीर भरतीत 1600 मीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्याला 60 पैकी 60 गुण मिळतात आणि काही सेकंदांच्या उशिरावर गुण घसरतात. अशा वेळी वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन धावणे हा गावोगावी शहाणपणाचा सल्ला ठरतो. घामाने शरीर कोरडे पडलेले असताना ही औषधे मूत्रपिंडांना इजा करू शकतात, हे सांगायला तिथे कोणी नसते.

4. पहिला तास: चोळण्याची घाई

पाय मुरगळला की लगेच तेल लावून जोरात चोळायचे, निखळलेला खांदा तिथेच ओढून बसवायचा, बेशुद्ध मुलाला हातपाय धरून उचलून जीपमध्ये टाकायचे. या तिन्ही कृती मायेपोटी होतात आणि तिन्हींनी नुकसान वाढते. ताज्या इजेला हलवू नये, आधार द्यावा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा. मानेला मार लागल्याची शंका असेल तर डोके-मान-पाठ एका रेषेत ठेवल्याशिवाय उचलू नये. उष्माघातात आधी गार पाण्याने अंग थंड करावे आणि मग गाडीची वाट पाहावी, कारण मेंदूचे नुकसान होते ते तापलेल्या मिनिटांत. हृदय थांबले तर 108 ला फोन लावत असतानाच छातीवर दाब सुरू करावा. डोंगरकड्याहून नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत किंवा हिंगोलीत 2024 साली सुरू झालेल्या महाविद्यालयापर्यंत पोहोचायला रस्त्यावरचा वेळ लागतोच. तो वेळ गावातल्या दोन हातांनीच भरून काढायचा असतो.

डोक्याच्या माराबाबत जगाने एक सोपा नियम स्वीकारला आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 2009 साली कायदा केला: मेंदूला धक्का बसल्याची शंका आलेल्या अल्पवयीन खेळाडूने त्या दिवशी खेळायचे नाही आणि आरोग्य तज्ज्ञाच्या परवानगीशिवाय परतायचे नाही. 2014 पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांनी या स्वरूपाचे कायदे केले. कबड्डीत चढाईपटूवर तिघे एकदम पडतात आणि डोके जमिनीवर आपटते, तेव्हा आपल्याकडे तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा मैदानात पाठवतात. जत्रेतल्या रात्रीच्या सामन्यात तर टाळ्या वाजवून पाठवतात.

5. मुलींचा हिशेब वेगळा

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे 59 टक्के आढळले आणि त्याच वयाच्या मुलांमध्ये सुमारे 31 टक्के. याचा अर्थ 800 मीटरच्या सरावाला उभ्या राहणाऱ्या दहा मुलींपैकी पाच-सहा जणींचे रक्त मुळातच कमी प्राणवायू वाहते. त्यांना लागणाऱ्या धापेला ‘सवय नाही’ असे नाव मिळते आणि सराव वाढवला जातो. खरा उपाय लोहाच्या गोळीत आणि ताटात असतो. शिवाय उडी मारून उतरताना आणि झटकन दिशा बदलताना गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, आणि खो-खोत तर प्रत्येक काही सेकंदांनी दिशा बदलते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीतल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिला संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे हिने केले. तिला पाहून मैदानात उतरणाऱ्या मुलींना उतरायचे कसे, थांबायचे कसे, हेही शिकवायला हवे. पाळी बंद होणे किंवा फार अनियमित होणे ही कष्टाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची खूण असू शकते. हे विचारणारे माणूस सरावाच्या ठिकाणी असावे, आणि गावात ते आशाताई असू शकते.

6. तीन आक्षेप

‘आम्ही असेच खेळलो, आम्हाला काय झाले?’ हा पहिला आक्षेप. हा प्रश्न जे टिकले तेच विचारतात. विसाव्या वर्षी गुडघा गेला म्हणून खेळ सोडलेला माणूस बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावर नसतो. किती मुले अशी गळली याची नोंदच नसल्याने हा दावा खोडता येत नाही, आणि सिद्धही करता येत नाही. 1992 साली नेदरलँड्सच्या विल्लेम व्हान मेखेलेन आणि सहकाऱ्यांनी इजा टाळण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: मोजा, कारण शोधा, उपाय करा, पुन्हा मोजा. आपण पहिल्या पायरीवरही पाय ठेवलेला नाही.

‘इतके जपले तर पोरे नाजूक होतील,’ हा दुसरा. पुरावा उलट आहे. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींच्या फुटबॉल संघांवर झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीस मिनिटांच्या ठरावीक सराव-व्यायामाने गंभीर इजा जवळपास निम्म्यावर आल्या. त्या व्यायामात तोल, बैठका, पोटाचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा जोर आहे. म्हणजे तो शरीर कणखर करतो. आपल्या तालमीतही हेच तत्त्व होते. कुस्तीचा हौदा रोज खणला जाई, माती भुसभुशीत ठेवली जाई, तिच्यात तेल, हळद, ताक घातले जाई. नव्या पठ्ठ्याला आधी जोर-बैठका आणि मग लढत मिळे. वस्ताद लोक नाजूक नव्हते. त्यांना इजा परवडत नव्हती.

‘पैसा कुठून आणायचा?’ हा तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार. स्टार खेळाडूला मिळणारे उपचार गावात येणार नाहीत, हे खरेच आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे जुलै 2025 मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तेव्हा त्याच्यावर मुंबईत तज्ज्ञांच्या हातून शस्त्रक्रिया झाली. तशाच इजेचा गावातला मुलगा बहुधा पट्टा बांधून घरी बसतो. पण इलाज महाग आहे, ही गोष्ट प्रतिबंधाच्या बाजूने बोलते. दोरी, मुरूम, बर्फाचा डबा, रिफ्लेक्टरची जाकिटे आणि एक वही यांचा खर्च एका जत्रेतल्या कबड्डी स्पर्धेच्या बक्षिसांहून कमी असतो. पैशाची वाटणी कुठे चुकते ते सरकारी योजनांतही दिसते. पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू झाला तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजनेतून कुटुंबाला दीड लाख रुपये मिळतात. अपघात होऊ नये म्हणून त्याच शाळेच्या मैदानासाठी मात्र ठरलेली अशी रक्कम नसते. आणि बारावी सुटून भरतीसाठी धावणारा मुलगा तर या योजनेतही बसत नाही.

7. जबाबदारी कोणाची, कशी

धावेची अट सरकार घालते. मग त्या अटीची तयारी सुरक्षित जागेत व्हावी, ही जबाबदारीही सरकारचीच. क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास अनुदान योजनेत धावपट्टीचे काम बसते. रोजगार हमीच्या कामांतही खेळाच्या मैदानाला जागा राहिली आहे. मागणी करणारा ठराव मात्र गावातून जावा लागतो. भरतीच्या जाहिरातीत शारीरिक चाचणीच्या तारखेआधी पुरेसे आठवडे मिळावेत आणि मार्च ते जून धाव सकाळी लवकर संपावी, एवढे गृह विभागाने नियमात लिहावे.

शाळेपुरते सांगायचे तर नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरमधून झाली. त्याचे पथक शाळांत तपासणीला येते आणि जन्मजात व संधिवाताचे हृदयविकार त्याच्या तपासणीच्या यादीत आहेतच. इटलीने 1982 पासून स्पर्धक खेळाडूंची हृदयतपासणी सक्तीची केली आणि व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू जवळपास नव्वद टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तितकी मोठी तपासणी इथे लगेच शक्य नसली तरी संघात घेण्याआधी तीन प्रश्न विचारता येतात: धावताना कधी चक्कर येऊन पडलास का? छातीत दुखते का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेले का? एक ‘हो’ आले की त्या मुलाला डॉक्टरकडे पाठवावे.

पीटीच्या सरांनी इजांची वही ठेवावी: तारीख, खेळ, जागा, अवयव, किती दिवस बाहेर. वर्षअखेरीस ती मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतीने वाचावी. एकाच खड्ड्यावर तीन घोटे मुरगळल्याचे त्या वहीतच दिसेल.

डोंगरकडा आणि त्यासारख्या गावांतल्या पालकांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. शाळेची, गावठाणाची किंवा गायरानाची सरळ जागा मोजून घ्यावी, चारशे मीटरच्या मुरूम पट्टीचा ठराव करावा, पहाटेसाठी दोन दिव्यांची तरतूद करावी आणि प्रथमोपचार शिकलेल्या दोन माणसांची नावे ठरावात लिहून ठेवावीत. पट्टी होईपर्यंत धावणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला रिफ्लेक्टरचे जाकीट द्यावे आणि वाहन समोरून दिसेल अशा बाजूने धावायला सांगावे. हे काम पुढच्या भरतीची जाहिरात येण्याआधी व्हायला हवे.